उजवा कान

“टोचू नगा, नाना. नुसतं टोचल्यागत करा,” बाई म्हणाली.

मी फुंकणी तोंडातून काढली आणि तिच्याकडे बघितलं. पंचेचाळीसच्या आसपासची, अंगानं काटकुळी, डोक्यावरनं पदर. दुकानाच्या पायरीवर ती अगदी कडेला टेकली होती. जरा कुणी हटकलं असतं तर उठून पळाली असती.

“टोचल्यागत म्हणजे?”

“उद्या घार्ग्यांच्यात बारसं हाय न्हवं? सकाळी तुम्ही बाळाचं कान टोचाया येणार. मी बाळाच्या आईची आई. मांडीवर मीच घेऊन बसते. तुम्ही तार कानापाशी न्या, मी लेकराला हळूच चिमटा काढते. रडंल ते. मग हळदीचं बोट फिरवा नि उठा. मी लगेच टोपडं घालते. कुणाला कळायचं न्हाई.”

या गोष्टीला आता तेहतीस वर्षं झाली. आज मी चौऱ्याहत्तरचा आहे. तेव्हा एक्केचाळीसचा होतो आणि नाकावर माशी बसू देत नव्हतो. पुसेसावळीत आमचं वेदपाठकांचं दुकान तीन पिढ्यांचं. दागिन्याला लोक कऱ्हाडला जायला लागले होते, पण कान टोचायला मात्र रघुनानाच. कान सोनारानंच टोचावेत म्हणतात, आणि पंचक्रोशीत सोनार म्हणजे आपणच, असा माझा समज. त्यात नेमका त्याच महिन्यात एका पोरीचा कान पिकला होता. आईनं चुलीतली राख चोळली होती, दोष तिचा. पण गावाच्या तोंडाला हात कोण लावणार? ‘नानाचा हात बापासारखा थरथरायला लागला’ असं पारावर कुणीतरी बोललं, आणि ते फिरत फिरत माझ्या कानावर आलं होतं.

बापाचं म्हणजे असं, की मी चौदा वर्षांचा असताना एक दिवस आप्पांनी सोन्याच्या तारेची डबी माझ्यापुढे सरकवली. म्हणाले, “आजपासून तू टोचायचंस. माझा हात थरथरतो.” झालं. त्यानंतर त्यांनी एकाही लेकराच्या कानाला हात लावला नाही. वाड्या-वस्त्यांवर त्यांची महिन्याची फेरी असायची, तीही बंद केली. नथीचे मोती मात्र ते पुढं पंचवीस वर्षं ओवत राहिले, तेही साध्या चष्म्यावर. मला कधी शंका आली नाही. बाप म्हणाला थरथरतो, तर थरथरतो. आता ते बहात्तरचे होते. वर्षामागं खुबा मोडला होता आणि दुकानाच्या मागच्या खोलीत खाटेवर पडून असायचे. मध्ये फक्त एक फळ्यांची भिंत.

“बाई, कारण काय?” मी विचारलं.

“कारण इचारू नगा. बाळ अशक्त हाय म्हणा. न्हाईतर उद्या आजारी पडा तुम्ही. दुकान बंद ठेवा.” तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. “तुमचं वडील हायती का घरात? त्येंना जरा इचारता का? त्येंना म्हणावं...”

बस्स! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला वाटलं, हिच्याही कानावर ते पारावरचं आलंय. बापाचा हात थरथरत होता, आता पोराचाही थरथरतो, तेव्हा माझ्या नातवाला हात लावू नकोस, हेच सांगायला आलीय.

“वडील झोपलेत,” मी म्हणालो. “आणि त्यांचा हात थरथरायचा, माझा नाही. सत्तावीस वर्षं टोचतोय. या गावातल्या पोलीस पाटलाच्या पोरांपासून मास्तरांच्या पोरांपर्यंत सगळ्यांचे कान माझ्या हाताखालनं गेलेत. उद्या सकाळी नऊला येतो म्हणून घार्ग्यांच्या हौसाकाकूंना सांगितलंय, नऊला येणार. तुम्ही निघा.”

“नाना, पाया पडते...”

“निघा म्हटलं ना!”

ती उठली. दोन पावलं गेली, वळली, तोंड उघडलं आणि परत मिटलं. मग गेली. मी फुंकणी उचलली, पण वाऱ्यावर दिवा विझला होता आणि कामात लक्षही लागेना.

तिन्हीसांजेला आप्पांना चहा द्यायला आत गेलो, तर ते भिंतीला टेकून बसले होते.

“दुपारी कोण बाई आली होती रे?”

“कुठली?”

“आवाज आला बाईमाणसाचा. कुठल्या गावची?”

आता सांगितलं असतं, तर आप्पांनी चार प्रश्न विचारले असते आणि ते हात थरथरण्याचं परत निघालं असतं. मला ते नको होतं.

“कुणी नाही,” मी म्हणालो. “गिऱ्हाईक होतं.”

आप्पांनी चहा घेतला. आणखी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घार्ग्यांच्या सोप्यात पाय ठेवायला जागा नव्हती. खरं तर पहिलं बाळंतपण माहेरचं. पण बाळाची आई शैला, तिचं माहेर म्हणजे खरातवाडी, चार घरांची वस्ती. तिथं ना डॉक्टर, ना गाडी. वडील वारलेले, घरात आई आणि धाकटी बहीण, दोघीच. म्हणून हौसाकाकूंनी सुनेला इथंच ठेवून घेतलं होतं. हौसाकाकू म्हणजे फणसासारखी बाई. जीभ काटेरी, पण सुनेला तीन महिने बादली उचलू दिली नव्हती.

“या सोनारबुवा,” काकू म्हणाल्या. “आमचा वाघ तयार आहे. रडला तर तुम्हालाच लाज!”

सगळ्या बायका हसल्या. पाटावर शैलाची आई बसली होती, मांडीवर बाळ. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मी तिच्याकडे बघायचं टाळलं. तारेचं टोक कानशीवर घासून घासून सुईसारखं केलं, खोबरेल लावलं. बाळाच्या ओठाला गूळ लावला. मुलगा म्हणून उजवा कान आधी. बारा दिवसांच्या पोराच्या कानाची पाळी ती केवढी? चिंचोक्याएवढी. मी बोटांत धरली. बाईनं खरंच बाळाच्या मांडीला चिमटा काढला. बाळ किंचाळलं. तिचे डोळे माझ्यावर होते, आणि त्या डोळ्यांत काय होतं ते मला आज कळतं.

मी तार आरपार घातली, वळवली, गाठ मारली. एक टिपूस आलं. हळद लावली. एवढं सफाईचं काम मी वर्षभरात केलं नसेल. मनात म्हणालो, बघ बाई, थरथरतो का हात!

दुसऱ्या कानाला हात घातला, तर बाई बाळाला छातीशी घेऊन ताडकन उभी राहिली.

“एक झाला! पुरं!”

“अहो विहीणबाई,” हौसाकाकू म्हणाल्या, “एका कानाचा नवरदेव कसा दिसंल? बसा खाली.”

“पुरं म्हणते ना मी!” ती ओरडली आणि बाळाला घेऊन आतल्या खोलीत गेली. आतून कडी लावल्याचा आवाज आला.

मग कुणीतरी म्हणालं, आजीचं काळीज, लई हळवं असतंय. हसणं परत सुरू झालं. मला मात्र चार बायकांत थोबाडीत बसल्यासारखं झालं. शिऱ्याची बशी तशीच ठेवून मी घरी आलो.

तासभर झाला असेल. शैलाचा नवरा, धनाजी, पळत दुकानात आला.

“नाना, रक्त थांबंना.”

“कसलं रक्त? मी असताना थांबलं होतं.”

“परत सुरू झालंय. चला तुम्ही.”

“हळद भरा म्हणावं. विहीणबाईंनी काय हात लावला असेल तर...”

“नाना!” त्यानं माझा दंड धरला. “चला.”

आतल्या खोलीत बाळाच्या उशाशी दुपटी पडली होती. तीन. तिन्ही लाल. चौथं शैलानं कानाला धरलं होतं आणि त्याच्यातून तिच्या बोटांवर रक्त येत होतं. धार नव्हती. थेंब होता. एक पडायचा, लगेच दुसरा जमायचा. त्या थेंबाला काही घाई नव्हती आणि थांबायचंही नव्हतं. सत्तावीस वर्षांत असं मी बघितलं नव्हतं.

“हात थरथरला तुमचा, सोनार!” हौसाकाकू माझ्या अंगावर आल्या. “लोक सांगत होते, मीच ऐकलं न्हाई! कुठली शीर तोडलीत माझ्या नातवाची?”

कानाच्या पाळीत तोडायला शीर असते कुठं? पण रक्त तर समोर होतं.

“त्येंचा दोष न्हाई,” कोपऱ्यातून आवाज आला. शैलाची आई. भिंतीला पाठ लावून बसली होती, चेहरा पांढराफटक. “सोनाराला बोलू नगा. त्येंचा दोष न्हाई.”

काल जिला मी हाकललं, तीच बाई माझी बाजू घेत होती. मला काही सुधरेना.

गावचे गुजर डॉक्टर आले. त्यांनी तार काढली, पट्टी दाबली, औषध लावलं, पाच मिनिटं घड्याळ लावून बसले. पट्टी लाल झाली. त्यांनी बाळाचा ओठ खाली ओढून बघितला, नखं बघितली आणि उठले.

“हे टोचल्याचं रक्त नाही,” ते म्हणाले. “कान टोचल्यावर असं होत नाही. कऱ्हाडला न्या, आत्ता. आणि कुणीतरी जागा दाबून धरा, सोडू नका. बारा दिवसांच्या बाळाच्या अंगात रक्त असतं किती? चहाचे तीन कप.”

मी त्या दुपट्यांकडे बघितलं. किती कप झाले असतील, हा विचार डोक्यात आला.

“मी धरतो,” मी म्हणालो. “जागा मला माहीत आहे.”

शेजारच्यांची जीप होती. पुढं धनाजी, मागं शैला बाळाला घेऊन, एका बाजूला मी, समोर दोघी विहिणी. पस्तीस किलोमीटर मी त्या पोराच्या कानाची पाळी अंगठा आणि तर्जनीत धरून बसलो होतो. खड्डा आला की माझा अंगठा जरा हलायचा आणि माझ्या मनगटावर काहीतरी कोमट उतरायचं. सदऱ्याची बाही कोपरापर्यंत भिजली. अर्ध्या वाटेत बाळानं रडणं बंद केलं. रडत होतं तेव्हा बरं होतं.

“अगं त्याला हलव,” हौसाकाकू म्हणाल्या. “झोपू देऊ नको. माझ्या वाघा, रड रे... मघाशी म्हणाले रडलास तर लाज म्हणून. चुकलं माझं. रड रे बाबा!”

शैलाच्या आईची नजर माझ्या अंगठ्यावर होती.

कऱ्हाडच्या दवाखान्यात एक बाई डॉक्टर होत्या, डॉक्टर नेर्लेकर. चाळिशीच्या, शांत, पण हात भराभर चालणारा. त्यांनी बाळाला घेतलं, माझा अंगठा काढून तिथं नर्सचा ठेवला. मला माझा अंगठा सरळ करता येईना. रक्त तपासायला पाठवलं, सलाईन लावलं आणि बाहेर येऊन त्या आमच्यासमोर उभ्या राहिल्या.

“आईच्या माहेरी कुणा मुलाला असं झालं होतं? मामा, आईचा मामा? पडल्यावर, कापल्यावर रक्त थांबलं नाही, असं?”

शैलानं मान हलवली. “मला भाऊच नाही. आम्ही दोघी बहिणी.”

“आजी?”

शैलाची आई जमिनीकडे बघत राहिली.

“आजी, ऐका. रिपोर्ट यायला वेळ लागेल. तोवर मला अंदाजानं औषध द्यायचंय. तुम्हाला काही माहीत असेल, तर आत्ता सांगा. मागाहून सांगून उपयोग नाही.”

“काय सांगणार त्या?” हौसाकाकू म्हणाल्या. “एका कानावरच उठल्या त्या, म्हणून निम्मंच...” आणि बोलता बोलता त्या थांबल्या. वळल्या. “विहीणबाई, तुम्ही का उठला होता?”

“दोन होते,” शैलाची आई म्हणाली.

“काय दोन?”

“पोरगे. दोन होते मला. शैलाच्या आदी.”

शैला उभी होती ती भिंतीला टेकली. “आई, मला भाऊ होते?”

बावीस वर्षांची मुलगी, आणि तिला हे त्या दिवशी कळत होतं, रक्तानं भरलेल्या लुगड्यानिशी उभी असताना. तिचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

“पहिला बारा दिवसांचा,” आई म्हणाली. कुणाकडेच बघत नव्हती. “कान टोचलं. दोन्ही. आदी थांबलं, मग तासाभरानं सुरू झालं. हळद भरली, राख भरली, देवऋषी आणला. दुसऱ्या दिवशी दिवस मावळताना गेला. मग दुसरा झाला. त्येचं कान म्या टोचू दिलं न्हाईत. लई जपला. रांगाया लागला, तर गुडघ्यावर निळं निळं डाग उठायचं. नऊ महिन्यांचा असताना उंबऱ्यावर तोंडावर पडला. ओठाच्या आत जरा फाटलं. एवढंसंच. दोन दिवस रक्त येत राहिलं.” तिनं पदर तोंडात धरला, परत सोडला. “लोक म्हणाया लागलं, गोजराच्या पोटाला शाप हाय, पोरगं ऱ्हात न्हाई. मग पोरी झाल्या. पोरींला काय न्हाई, धडधाकट. म्हटलं, फिटलं. माझ्यापाशीच संपलं. पोरींची लग्नं व्हायची होती. कुठल्या तोंडानं सांगू?”

डॉक्टरबाईंनी नर्सला हाक मारली, काहीतरी लिहून दिलं आणि ती पळत गेली. मग त्या गोजराबाईंसमोर बाकावर बसल्या.

“आजी, दही लावता ना घरी? दूध चांगलं, भांडं स्वच्छ, पण विरजणच घातलं नाही, तर दही लागेल?”

“न्हाई.”

“रक्ताचंही तसंच. जखम झाली की रक्त गोठतं, कारण त्यात गोठवणारे घटक असतात. तुमच्या मुलांच्या रक्तात त्यातला एक नव्हता. या बाळाच्याही नसणार, असं मला वाटतं. हिमोफिलिया म्हणतात. हा आईकडून येतो. आई स्वतः धडधाकट असते, मुलीही धडधाकट दिसतात, पण त्यांच्या मुलांत उतरू शकतो. म्हणून धाकटीचंही रक्त तपासून घ्या. यात शाप नाही, पाप नाही. तुमचे डोळे जसे तुमच्या आईकडून आले, तसंच हे.”

“मग... माझं पोटच...”

“पोटाचा दोष नाही. कुणाचाच नाही. टोचणाऱ्याचाही नाही.” डॉक्टरबाईंनी माझ्या बाहीकडे बघितलं. “रक्ताच्या बाटलीतलं वरचं पिवळं पाणी असतं ना, प्लाझ्मा, त्यात तो घटक असतो. तो मागवलाय. तेव्हा असतं, तर तुमची मुलंही वाचली असती.”

हे शेवटचं बोलायला नको होतं, असं मला वाटलं. गोजराबाईंच्या तोंडून आवाज निघाला तो रडण्याचा नव्हता. कशाचा होता, मला सांगता येत नाही.

हौसाकाकू जागच्या उठल्या. मला वाटलं, आता ही बाई हिला फाडून खाणार. त्या गोजराबाईंच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

“एका शब्दानं सांगितलं असतंत, विहीणबाई,” त्या म्हणाल्या, “तर मी सोनार बोलावला असता का हो?”

आणि त्यांनी तिथंच, दवाखान्याच्या फरशीवर, तिच्याशेजारी बसकण मारली. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. मी मात्र तिथून उठलो आणि नळावर जाऊन हात धूत बसलो. कारण एका शब्दानं सांगायला ती आली होती. माझ्या दुकानाच्या पायरीवर आली होती, पाया पडते म्हणाली होती. हे त्या दोघींत कुणी काढलं नाही. गोजराबाईंनी तर माझं नावही घेतलं नाही.

पिवळी पिशवी साडेतीनला लागली. पाचच्या सुमाराला पट्टी कोरडी राहिली. सव्वापाचला बाळ रडलं, आणि इतकं मोठ्यांदा रडलं, की हौसाकाकू म्हणाल्या, “बघा, वाघ!”

तो वाघ, उदय, आज तेहतीस वर्षांचा आहे. गुडघा जरा आखडतो, साताऱ्याला जाऊन इंजेक्शन घेतो, शाळेत गणित शिकवतो. त्याच्या धाकट्या मावशीचं लग्न आधी रक्त तपासून झालं, पत्रिका मागाहून. मी अजूनही कान टोचतो. पण तार हातात घ्यायच्या आधी बाळाच्या आईला एक प्रश्न विचारतो: तुझ्या माहेरी कुणी पोरगं रक्त जाऊन गेलं का? मंगलवेळी अभद्र बोलतो म्हणून लोक चिडतात. दोन-तीन घरांनी मला परत बोलावलं नाही. चिडोत बापडे. एकदा एका बाईनं उत्तर द्यायच्या आधी सासूकडे बघितलं, तेव्हा मी डबी बंद करून त्यांना सरळ कऱ्हाडला धाडलं.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलंय.

एस.टी.नं मी परत आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. बाही वाळून कडक झाली होती. बायकोनं दार उघडलं, मला बघून तोंडावर हात ठेवला. घार्ग्यांच्या बाळाला कऱ्हाडला नेल्याचं गावभर झालं होतं. मी तसाच मागच्या खोलीत गेलो. आप्पा खाटेवर बसले होते. दिवा लावलेला नव्हता.

“थांबलं का?” त्यांनी विचारलं.

“थांबलं.”

“नीट बघितलंस? ते आधी थांबतं. मग तासाभरानं परत सुरू होतं.”

मी दिव्याच्या बटणावर हात ठेवला होता, तो तिथंच राहिला. तासाभराचं मी घरी कुणाला सांगितलं नव्हतं.

“बाटली लावली. पूर्ण थांबलं. बाळ रडलं,” मी म्हणालो. “आप्पा, तुम्हाला कसं माहीत?”

“दोन्ही कान टोचलेस?”

“उजवा. डावा टोचू दिला नाही तिनं.”

“गोजरानं.”

मी दिवा लावला. आप्पांचे डोळे लाल होते. तिचं नाव मला स्वतःला दुपारी दवाखान्यात कळलं होतं.

“मी दोन्ही टोचले होते,” आप्पा म्हणाले.

मी खाली बसलो.

“एकोणीस वर्षांची होती ती,” ते म्हणाले. “तिसऱ्या दिवशी मी परत गेलो, तर पोराला मातीत ठेवून आले होते. नवरा कुऱ्हाड घेऊन माझ्या अंगावर आला. ती मध्ये पडली. म्हणाली, सोनाराचा दोष न्हाई, माझ्याच पोटात खोट हाय. पोर गेलेली बाई, आणि मला वाचवायला स्वतःवर घेतलं तिनं. मला म्हणाली, कुणाला सांगू नका, मी पण तुमचं नाव घेणार नाही. मी नाही सांगितलं. तुझ्या आईलाही नाही. वाटलं, उपकार फेडतोय तिचे.”

“आणि हात थरथरतो म्हणालात.”

“काहीतरी म्हणायला हवं होतं.”

बाहेर बायको चुलीपाशी भांडी हलवत होती.

“काल तिचा आवाज ओळखला होता मी,” आप्पा म्हणाले. “सत्तावीस वर्षांनी, पण ओळखला. म्हणून तुला विचारलं, कुठल्या गावची. तू म्हणालास, गिऱ्हाईक. मला वाटलं, म्हाताऱ्याला भास झाला असेल.”

“मी खोटं बोललो, आप्पा. ती तुमचं नाव घेत होती. तुम्हाला विचारा म्हणत होती. मीच हाकललं तिला. पोर मेलं असतं, आप्पा. माझ्या हातानं मेलं असतं.”

आप्पांनी हात पुढं केला आणि रक्त वाळलेला माझा अंगठा त्यांच्या मुठीत घट्ट धरला. त्यांचा हात जराही थरथरत नव्हता.